घोरण्याची फाइल फुटली

सविनयरावांनी चोराची माफी मागितली होती, आणि तीसुद्धा लेखी. आता अशी माणसं जगात किती निघतील, तुम्हीच सांगा!

सविनयराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका उशांच्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख. त्यांचं प्रत्येक पत्र 'सविनय' या शब्दाने सुरू व्हायचं, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव चिकटवलं आणि ते त्यांनी अंगाला लावूनही घेतलं. कंपनीची उशी मात्र साधीसुधी नव्हती बरं का. घोरण्याचा आवाज कानावर आला की ती हळूच थरथरायची, म्हणजे झोपलेल्या माणसाने झोपेतच कूस बदलावी आणि घोरणं थांबावं. शिवाय रात्रभराचं घोरणं टिपून ते कंपनीच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. तिथे प्रत्येकाची श्रेणी ठरे. गिऱ्हाइकाला कळवताना 'श्रेणी एक ते चार' असं सभ्यपणे कळवलं जाई. पण कारखान्यातल्या इंजिनियर मंडळींनी आपापसात बोलायला मांजर, किटली, करवत आणि ट्रॅक्टर अशी नावं पाडली होती, आणि कोणा उत्साही माणसाने तीच नावं मुख्य फाइलमध्येही भरून ठेवली होती.

तर सविनयरावांचा एक नियम होता. आलेली तक्रार न उघडता ठेवायची नाही. जेवण राहिलं तरी चालेल, तक्रार राहता कामा नये. या नियमाबद्दल कंपनीने त्यांना काचेची ढाल दिली होती आणि ती त्यांनी टेबलावर अशी ठेवली होती की येणाऱ्याला आधी ढाल दिसावी, मग सविनयराव. एके सोमवारी एक ई-मेल आला. 'तुमच्या उशीमुळे माझी मान कायमची वाकडी झाली आहे. फोटो सोबत जोडला आहे.' सविनयरावांचं काळीज हललं. त्यांनी फोटो उघडायला घेतला, तो उघडेना. दुसरा कोणी असता तर 'मरू दे' म्हणून पुढे गेला असता. सविनयरावांनी लगेच उत्तर लिहिलं, 'सविनय निवेदन. आपल्या मानेबद्दल कंपनी मनापासून दिलगीर आहे. फोटो उघडत नसल्याने कृपया पुन्हा पाठवावा.' चोराने तो पुन्हा पाठवला आणि सविनयरावांनी तो पुन्हा उघडायला घेतला; फोटो नव्हताच तो, कंपनीच्या कॉम्प्युटरात शिरायचं भुयार होतं. चोरालाही नवल वाटलं असेल बिचाऱ्याला. एरवी त्याला कुलूप फोडावं लागतं, इथे घरमालकच दारात उभा राहून म्हणत होता, 'जरा जोरात ढकला, दार घट्ट आहे!'

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख पांढराफटक चेहरा घेऊन आला. हजारो गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, श्रेणी आणि आवाजासकट घोरणं, सगळं चोरीला गेलं होतं. खाली चोरांचा निरोप होता. मागू ते द्या, नाहीतर शुक्रवारी सकाळी हे सगळं जगासमोर मांडू. नाव टाका आणि शेजाऱ्याचं घोरणं ऐका.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. ही कंपनी बाईंनी स्वतः उभी केलेली. खुर्चीत मांडी घालून बसायच्या, चपला टेबलाखाली, आणि आवाज असा की पलीकडच्या माणसाला पुढे वाकून ऐकावं लागे. आरडाओरडा करणाऱ्या साहेबासमोर माणूस मान खाली घालतो. बाईंसमोर मात्र कान टवकारावे लागत.

विक्रीचे साहेब म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चोर बोलतील तेव्हा बघू. तोवर आपण शांत."

"चोरांनी सांगितल्यावर लोकांना दोन गोष्टी कळतील," बाई म्हणाल्या. "एक, चोरी झाली. दोन, आपण लपवली. मला पहिलीच पुरेशी आहे. चोरांना दमडी द्यायची नाही, आणि शुक्रवारच्या आत प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण स्वतः सांगायचं. पत्र नाही, मेसेज नाही. माणसाने माणसाला फोन करायचा."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि घरून तयार करून आणलेलं निवेदन वाचलं. 'काही माहितीला मर्यादित स्वरूपाचा संभाव्य स्पर्श झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.'

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "वकीलसाहेब, यात चोरी झाली का हो? की आपणच कोणाचं काही चोरलं?"

एवढ्यात सविनयराव उभे राहिले. म्हणाले, "बाई, दार मी उघडलं. दोनदा." आणि छापून आणलेलं ते उत्तर त्यांनी पुढे केलं. बाईंनी ते वाचलं. विक्रीच्या साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू अशी शांती पसरली, जी फक्त दुसऱ्याची मान अडकल्यावरच पसरते.

"भाषा छान आहे," बाई म्हणाल्या आणि कागद उलटा करून ठेवला. "आता सगळ्यांनी ऐका. आग विझेपर्यंत काडी कोणी ओढली हे विचारायचं नाही. ज्याला विचारायचं असेल त्याने बादली खाली ठेवून बाहेर जावं." मग त्या सविनयरावांकडे वळल्या. "लोकांचं बोलणं ऐकून घ्यायची सवय आपल्यात तुमच्याइतकी कोणालाच नाही. फोनवर काय बोलायचं, ते सगळ्यांना तुम्ही शिकवा. मलासुद्धा."

सविनयरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्यवस्थापनाच्या शिबिरांना ते अनेकदा जाऊन आले होते, तिथे बाणांनी भरलेली चित्रं वहीत उतरवून आले होते. पण चुकलेल्या माणसाला कोपऱ्यात उभं करण्याऐवजी पहिल्या रांगेत उभं करायचं, हे कुठल्याही बाणात नव्हतं.

त्यांनी मग फोनची पद्धत बसवली. आपलं नाव सांगायचं, झालं ते सरळ सांगायचं, माफी मागायची, आणि माफीनंतर 'पण' हा शब्द उच्चारायचा नाही. 'पण' आला की माफी गेली. त्यानंतर समोरचा काय बोलेल ते मुकाट्याने ऐकायचं. विक्रीच्या साहेबांना हे काही केल्या जमेना. "आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, पण..." इतकं बोलून ते स्वतःच तोंडावर हात ठेवायचे. शेवटी त्यांच्या समोर शिलाई विभागातल्या एका मावशींना बसवलं. साहेबांच्या ओठांनी 'प'चा आकार घेतला की मावशी टेबलावर कात्री आपटायच्या.

सरकारला कळवणं भाग होतं, तर तिथली निराळीच तऱ्हा. कार्यालयातला अधिकारी फोनवर म्हणाला, "बँकेची माहिती गेली का?" नाही. "रुग्णांची?" तशी नाही. "मग काय गेलं?" सविनयराव म्हणाले, "घोरणं." पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "थांबा, साहेबांना विचारतो. हे आरोग्यात येतं की ध्वनिप्रदूषणात?" दोन्ही खात्यांनी चोरी एकमेकांकडे ढकलली. अखेर बाई स्वतः जाऊन त्या कार्यालयातल्या बाकावर बसल्या, आणि पोच घेऊनच उठल्या.

फोन सुरू झाले, आणि काय सांगू महाराज, माणसं किती परींची असतात! एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी करवत आहे? जरा आमच्या हिच्याशी बोला आणि हे तिला सांगा. ती आयुष्यभर मला ट्रॅक्टर म्हणत आली." एक बाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत कशाला थांबता? ह्यांचं घोरणं मला आजच पाठवा, सासूबाईंना ऐकवायचंय." एका गृहस्थांनी तर सविनयरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सात पूर्ण झाल्यावर थकून म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलत का नाही हो? भांडायला मजा येत नाही."

सगळंच हसण्यावारी जात नव्हतं. एक मुलगी फोनवर रडायला लागली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. "माझ्या नावापुढे ट्रॅक्टर लिहिलंय आणि जग ते वाचणार," ती म्हणाली. "तुम्हाला काय, माफी मागून मोकळे!" शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सविनयरावांच्या हातातून फोन घेतला. "काही होणार नाही असं मी तुला सांगणार नाही बाळ, कारण मला ते माहीत नाही. चूक आमची आहे आणि त्रास तुला होणार आहे. तुझी इच्छा असेल तर तुझ्या सासरी मी स्वतः येते आणि हे घोरणं आम्ही कसं हरवलं ते सांगते. लाज आमची, तुझी नाही." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "नको. त्याला मीच सांगते. असं बोलायचं असतं होय." त्या क्षणी बाईंनी उडी मार म्हटलं असतं तर सविनयरावांनी कितवा मजला एवढंही विचारलं नसतं.

मात्र हे सगळं चालू असताना सविनयराव स्वतः एक फोन टाळत होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या यादीत एक नाव होतं, त्यावरून बोट फिरलं की ते घाईने पुढच्या नावावर जायचे. नाव होतं त्यांच्या बायकोचं. श्रेणी ट्रॅक्टर.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक उशी घरी वापरायला दिली. सविनयरावांना ती स्वतःला नको होती, कारण त्यांच्या घराण्यात कोणी घोरत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. बायको शाळेत मुख्याध्यापिका, मान सारखी दुखायची. "मानेसाठी खास उशी आहे," असं सांगून त्यांनी ती तिच्या डोक्याखाली सरकवली आणि फाइलमध्ये तिचं नाव घातलं. पहिल्याच सकाळी निकाल आला: ट्रॅक्टर! सविनयराव थक्क झाले. एवढं घोरते आणि आपल्याला कधी जागही येऊ नये? आपल्या सहनशीलतेचं त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं, हे तिला कधीच सांगायचं नाही. तसं तिचं घोरणं उशीने काही कमी झालं नाही. उलट सकाळी उठली की ती जास्तच चिडलेली असायची. शाळेचा ताण, दुसरं काय.

आणि आता शुक्रवारी तिचे शिक्षक, पालक आणि इयत्ता पाचवीपासूनची सगळी कार्टी तिचं नाव टाकून ऐकणार होती. जिच्या नुसत्या चष्म्याने वर्ग गप्प बसतो, तिचं हे घोरणं!

बुधवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे विमा एजंट भेटले. त्यांना न विचारता सल्ला देण्याचा आजार. "तुमच्या कंपनीचं ऐकलं. माझं ऐका, बायकोला काही सांगू नका. घरात इंटरनेट बंद ठेवा महिनाभर. आम्ही विमेवाले, धोका ओळखतो."

"तुम्हाला आमच्याकडून फोन आला का?" सविनयरावांनी विचारलं. एजंटांचा चेहरा उतरला. "तो... मेहुण्यासाठी घेतली होती उशी," ते म्हणाले आणि एक मजला आधीच उतरून गेले.

गुरुवारी दुपारपर्यंत सगळ्यांच्या याद्या संपत आल्या. बाई प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन उरलेली नावं बघत होत्या. सविनयरावांच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. "हे एक राहिलं. नंबर तुमच्या घरचा दिसतोय."

सविनयरावांचे कान लाल झाले.

"हा फोन मी करू?" बाईंनी हळूच विचारलं. थट्टा नव्हती त्यात, खरंच विचारत होत्या.

"नको बाई. दार मी उघडलं, फोनही मीच करतो."

घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बायको बैठकीच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. "आलात? चहा झाकून ठेवलाय," ती मान वर न करता म्हणाली. सविनयरावांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हजार अनोळखी माणसांशी ते बोलले होते ते फोनवर, समोर बसून एकाशीही नाही. शेवटी ते झोपायच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि खिशातून फोन काढून तिला लावला.

"अहो, आतून काय फोन करताय?" पलीकडून, आणि दाराच्या फटीतूनही, आवाज आला.

"नमस्कार. मी उशांच्या कंपनीतून, तक्रार विभागातून बोलतोय," सविनयराव खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "आपली माहिती आमच्याकडून चोरीला गेली आहे. आपण वापरता ती उशी मानेची नाही, घोरण्याची आहे. आपलं नाव, पत्ता आणि घोरणं उद्या सकाळी जगाला कळेल. उशी मी आपल्याला फसवून दिली, आणि चोरालाही आत मीच घेतलं. मी आपली माफी मागतो."

'पण' त्यांनी म्हटलं नाही. तो घशापर्यंत आला होता, तिथेच गिळला. पलीकडून लाल पेनाची टकटक ऐकू आली.

"किती लोकांना फोन केलेत तुम्ही?" तिने विचारलं.

"सगळ्यांना."

"आणि मी कितवी?"

"शेवटची."

दार उघडलं. ती फोन कानाला तसाच धरून समोर उभी होती. "घोरते ते घोरते, त्याचं मला काही नाही. वय झालं. उशी फसवून दिलीत, तेही बघू नंतर. पण गावभर सांगून झाल्यावर मला? मी परकी होते म्हणून शेवटी, की घरची होते म्हणून?" आणि तिचा आवाज कापला. पोरांच्या आईबापांना धारेवर धरणारा तो आवाज असा कापलेला सविनयरावांनी कधी ऐकला नव्हता. ढाल, नियम, सविनय निवेदन, सगळं त्या एका प्रश्नापुढे कवडीमोल झालं. त्यांनी सवयीने मान खाली घातली आणि ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "आपल्यासाठी... तुझ्यासाठी मी काय करू?"

"ऐकवा," ती पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली. "उद्या पोरं ऐकणार असतील, तर आज मी ऐकते."

त्यांनी कंपनीच्या फाइलमधली एक रात्र शोधून काढली आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला. सुरुवातीला शांतता होती. मग हळूहळू इंजिन सुरू झालं, चढावर लागलं, अडकलं, दम घेऊन पुन्हा धडधडू लागलं. खिडकीची तावदानं हादरतील असं ते घोरणं! सविनयरावांना तिच्याकडे बघवेना. ती मात्र उत्तरपत्रिका तपासावी तशी भुवया आवळून ऐकत होती.

आणि त्या धडधडाटाच्या मधोमध, टक्क जागेपणीचा तिचा आवाज आला, "अहो... अहो, जरा कूस बदला ना. ही उशीसुद्धा कशी हलतेय मेली."

ट्रॅक्टर क्षणभरही न थांबता पुढे गेला.

खोलीत नुसता तो आवाज चालू होता आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. सविनयरावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. उशीला कान होते, पण ऐकू येणारा आवाज कुठल्या डोक्याचा हे तिला कुठे कळत होतं? कारखान्यात तिची चाचणी घेतली होती ती एकेकट्या माणसांना एकेका खाटेवर झोपवून. नवरा-बायको शेजारी झोपतात, हे त्या हुशार मंडळींच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे घोरायचं तुम्ही," बायको एकेक शब्द तोडत म्हणाली, "आणि हलवून जागं करायचं मला. दोन वर्षं! आणि मी वेडी डॉक्टरांना विचारतेय, मला झोप का लागत नाही म्हणून."

सविनयरावांच्या घराण्याची अब्रू त्यांच्या डोळ्यांदेखत पलंगाखाली गेली. "असं कसं... मला तर कधी ऐकू आलं नाही," ते पुटपुटले आणि आपण काय बोललो हे कळून गप्प झाले. तिला हसू आवरेना. ती हसता हसता डोळे पुसू लागली, आणि ते पाणी नुसतं हसण्याचंच नव्हतं हे त्यांना दिसत होतं.

मग ती थांबली. "अहो, अशा किती जणी असतील तुमच्या फाइलमध्ये?"

सविनयरावांनी कपाळाला हात लावला. आत्ता कुठे सगळे फोन संपले होते. माणसं पार गळून गेली होती. "सोमवारी सांगतो बाईंना," ते म्हणाले. "हे दोन दिवस जाऊ देत."

"म्हणजे बाईंनाही शेवटी?"

तिने एवढंच म्हटलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. सविनयरावांनी उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःच्या ट्रॅक्टरसकट. बाईंच्या तोंडून एक लांब उसासा निघाला. "उद्या पुन्हा सगळ्यांना फोन," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाईसाहेबांना माझा नमस्कार सांगा. आमच्या सगळ्या इंजिनियरांना जे दिसलं नाही ते त्यांनी दाखवलं. आणि सविनयराव, आता झोपा जरा."

नमस्कार सांगायला ते वळले, तर पलंगावरच्या उशांची अदलाबदल झालेली. त्यांची जुनी, मुकी, कापसाची उशी डोक्याखाली घेऊन ती आडवी झाली होती. पेपर बाहेर तसेच पडले होते, चष्माही डोळ्यांवरच होता, आणि तिला गाढ झोप लागली होती. श्वासाचासुद्धा आवाज नव्हता. सविनयरावांनी अलगद तिचा चष्मा काढून ठेवला, आपल्या वाट्याला आलेली कंपनीची उशी उचलून कपाटात टाकली, आणि खुर्ची भिंतीशी ओढून ताठ बसले. डोळे मिटायला लागले की ते स्वतःलाच जोरात चिमटा काढत होते.